मादीचे पेपर अजून ब्रीडरच्या नावावर, मग पिल्लांवर हक्क कोणाचा? (सोलापूर)

माळरान

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. आमच्याकडे कारवान जातीची कुत्री आहे, बिजली. वय अडीच वर्षं. जिल्ह्यातल्याच एका ब्रीडरकडून पिल्लू असताना घेतली. नाव लिहिणार नाही आणि इथे कोणी विचारूही नये ही विनंती, कारण मला भांडण नको, मार्ग हवाय.

घेताना ते म्हणाले, पेपरवाली मादी वीस हजारांची आहे, तुम्हाला बारात देतो, पण ब्रीडिंग राइट्स माझ्याकडे राहतील. स्टॅम्पवर एक कागद केला. केनेल क्लबचं सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर आहे, “पहिल्या वेतानंतर ट्रान्सफर करून देतो” असं तोंडी सांगितलं होतं. आता बिजली हीटवर (माजावर) आलीय. परवा त्यांचा फोन आला: गाडी पाठवतो, मादी पंधरा दिवस माझ्याकडे राहील, नर मी ठरवणार, निम्मी पिल्लं माझी. कुठला नर, असं विचारलं तर म्हणाले, ते तुम्हाला कळून काय करायचंय.

अडीच वर्षं तिचं लसीकरण, खाणंपिणं, मध्ये पाय दुखावला तेव्हाचं ड्रेसिंग, सगळं आम्ही केलं. ती माझ्या धाकट्याच्या अंथरुणात झोपते. तिला पंधरा दिवस अनोळखी ठिकाणी पाठवायची माझी तयारी नाही. कायदा काय म्हणतो आणि पेपरचं काय करायचं, दोन्ही कळलं तर बरं होईल.

होटगीकर

ताई, अजिबात पाठवू नका. पैसे दिलेत, कुत्री तुमच्या दारात आहे, सांभाळली तुम्ही. विषय संपला. त्यांना म्हणावं, काय करायचं ते करा.

पश्मीप्रेमी

होटगीकर, विषय एवढा सोपा नाही. मी स्वतः ब्रीडिंग करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आपल्या भागात खात्रीचं कारवान रक्त फार थोडं राहिलंय. शर्यतीसाठी ग्रेहाउंड घालून वेग वाढवायचा आणि पिल्लं कारवान म्हणून विकायची, हे गावोगाव चालतं. पुढच्या दोन पिढ्यांत डोक्याची लांबी, पायाचे तळवे, उन्हात टिकायची ताकद, सगळं बदलून जातं. म्हणून चांगली मादी बाहेर देताना ब्रीडर हात राखून देतो. त्याचं लिटर (एका वेताची पिल्लं) वाया जाऊ नये, मादी कुठल्याही नराला लागू नये, एवढाच हेतू असतो. किंमत कमी केली ती त्याच्याच बदल्यात. घेताना बारा हजार बरे वाटले आणि आता अट जाचते, हे बरोबर नाही.

तरीही नर कोणता हे न सांगणं मला पटलेलं नाही. पेडिग्रीची (वंशावळीची) काळजी असलेला ब्रीडर नराचे पेपर आधी दाखवतो.

वकील_बार्शी

माळरानताई, मत देण्याआधी कागद पाहायला हवा. नावं, पत्ते वगळून करारातला मजकूर जसाच्या तसा इथे टाइप कराल का? किंमत पूर्ण दिली का, पावती आहे का, आणि चिप नंबर (कातडीखालच्या मायक्रोचिपचा) कुठे लिहिलाय का, तेही सांगा.

माळरान

किंमत पूर्ण दिली, ऑनलाइन, त्याची नोंद आहे. लसीच्या पुस्तकावर चिपचा स्टिकर आहे. मजकूर असा:

“१. लिहून देणार यांनी कारवान मादी पिल्लू, रंग फिक्कट तांबूस, लिहून घेणार यांना रु. १२,०००/- ला विकले असून रक्कम पूर्ण भरून पावली.
२. पिल्लाचे खाणे, औषधोपचार याची जबाबदारी लिहून घेणार यांची राहील.
३. मादी लिहून घेणार यांनी परस्पर कोणास विकू नये.
४. मादीचे ब्रीडिंग राइट्स लिहून देणार यांचेकडे राहतील.
५. अटी मोडल्यास रु. ५०,०००/- दंड देणे लागेल.”

बस एवढंच. खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. निम्म्या पिल्लांचा उल्लेख कुठेच नाही.

वकील_बार्शी

धन्यवाद, आता बोलता येईल. हे माझं सर्वसाधारण मत आहे. प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी मूळ कागद कोणाला तरी समोर बसून दाखवा.

कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता. मालविक्री कायदा, १९३० लागू होतो. तुमच्या कराराच्या कलम १ मध्ये “विकले” आणि “रक्कम भरून पावली” असं स्वतः लिहून दिलंय, ताबाही दिलाय. म्हणजे मालकी तुमच्याकडे आली. केनेल क्लबच्या दप्तरी कोणाचं नाव आहे यावर मालकी ठरत नाही. ती क्लबची वंशनोंद आहे.

आता उलटा विचार करा. समजा त्यांनी मादी विकली नसती, फक्त सांभाळायला दिली असती. मग करार कायदा, १८७२ चं कलम १६३ आडवं आलं असतं. ठेवीदाखल दिलेल्या वस्तूत जी वाढ होईल ती मूळ मालकाला परत करायची, असं ते कलम सांगतं, अर्थात वेगळं ठरलं नसेल तर. कायद्यातच उदाहरण दिलंय: अ ने ब कडे गाय सांभाळायला ठेवली, गाय व्याली, तर ब ने गायीबरोबर वासरूही अ ला द्यायचं. म्हणजे कागदावर ‘सांभाळायला दिली’ असतं, तर सगळी पिल्लं त्यांची ठरू शकली असती. तुमच्या कागदावर विक्री आहे, म्हणून हा मुद्दा त्यांच्या कामाचा नाही.

राहिलं तुमच्या करारातलं कलम ४. ‘ब्रीडिंग राइट्स’ म्हणजे नेमकं काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. नर ठरवायचा हक्क? ताबा घ्यायचा हक्क? किती वेतं? पिल्लं कोणाची? तुम्ही त्यांच्या संमतीशिवाय मेटिंग करू नये, इतका अर्थ त्यातून निघू शकतो, आणि तो मी पाळायला सांगेन, कारण तुम्ही सही केलीय. पण पंधरा दिवस मादी नेणं आणि निम्मी पिल्लं घेणं हे त्या एका ओळीतून निघत नाही.

दंडाचं म्हणाल, तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट लिहिलेला आकडा आंधळेपणाने देत नाही. तो आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई.

होटगीकर

आणि त्यांनी गाडी आणून जबरदस्तीने उचलून नेली तर? चोरीच ना ती?

वकील_बार्शी

तुमच्या ताब्यातून संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे. गंमत अशी नाही, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे: चोरीच्या व्याख्येखाली जी उदाहरणं दिलीत त्यात कुत्रा आहे. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा आपल्यामागे चालवत नेला, तरी चोरी. मात्र समोरचा ‘माझा हक्क आहे असं मी खरंच समजत होतो’ असं म्हणेल, आणि हाती करार असल्याने त्याचं म्हणणं ऐकलंही जाईल. म्हणून पोलीस ठाणं ही पहिली पायरी नको. आधी लेखी कळवा: मादी पाठवणार नाही, नराचा तपशील द्या, बसून ठरवू. व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी चालेल, पण फोनवर नको.

माणगंगा

आमच्या सांगोल्याकडं हे कागदबिगद नव्हतं. अर्धलीनं द्यायची पद्धत. शेळी दिली की पहिलं वेत पाळणाऱ्याचं का मालकाचं, ते चार माणसांत बसून आधीच ठरायचं. दुसऱ्या वेतापासनं निम्मं निम्मं. शेळी मेली तर कुणाच्या वाट्याची, हेबी ठरलेलं असायचं. कातडं आणून दावावं लागायचं, म्हंजे इकून खाल्ली नाय ह्याची खात्री.

कुत्रं मात्र आमच्यात कधी इकलंच नाय. मेंढरामागं फिरणाऱ्या धनगराकडं चांगली कुत्री व्याली की पिल्लू मागून आणायचं, बदल्यात धान्य न्हायतर कोकरू. पण एक नेम होता, कुत्री ज्याच्या दारात व्याली, पिल्लं त्याची. नरवाल्याला एक पिल्लू, त्येच्या पसंतीचं. बास. दुसरं कुणी वाटा मागायचं नाय. ताईंचं ऐकून मला हे नवीन वाटलं, की कुत्री एकाच्या दारात आणि पिल्लं दुसऱ्याची.

पश्मीप्रेमी

माणगंगा काका, नरवाल्याला एक पसंतीचं पिल्लू ही रीत आजही तशीच चालू आहे. स्टड फी (नर लावण्याचे पैसे) रोख घ्या, नाहीतर लिटरमधलं पहिल्या पसंतीचं पिल्लू. भांडणं तिथेही होतात, कारण ‘पहिली पसंती’ कधी करायची हे ठरवत नाहीत. चौथ्या आठवड्यात निवडलं आणि आठव्या आठवड्यात दुसरंच उठून दिसलं की दोघांची तोंडं वाकडी. दोनच पिल्लं झाली तर काय, एकच जगलं तर काय, हेही लिहायला हवं.

मुधोळवारी

पेपरच्या बाजूने थोडं लिहितो, कारण लोक इथे सगळ्यात जास्त गोंधळतात.

सोलापुरात तीन-चार वेगवेगळ्या ‘नोंदी’ एकाच नावाने खपवल्या जातात. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, मुख्यालय चेन्नईला. त्यांच्याकडे आपल्या जातीचं नाव कारवान हाउंड. इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे तीच जात मुधोळ हाउंड म्हणून नोंदते. कुत्रा एकच, पण रजिस्टर वेगळं. एकाच्या सर्टिफिकेटवर दुसरीकडे लिटर नोंदवता येत नाही. तिसरं म्हणजे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो, कर्नाल. त्यांनी मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई यांना देशी जात म्हणून मान्यता दिली, पण ती अख्ख्या जातीला आहे, तुमच्या दारातल्या एका कुत्र्याला त्याचा कागद मिळत नाही. ‘सरकारी रजिस्टर्ड जात’ असं सांगून कोणी पाच हजार जास्त मागितले तर देऊ नका. महापालिकेचा परवाना हा तर आणखी वेगळा विषय, त्याचा वंशाशी काही संबंध नाही.

ताई, तुमच्यासाठी कामाचं असं: केसीआयकडे लिटर नोंदवायचं तर आई आणि बाप दोघांची नोंद आणि चिप हवी, अर्ज मादीच्या नोंदीतल्या मालकाने करायचा आणि नराच्या मालकाची संमती हवी. सध्या नोंदीत मालक ते आहेत. म्हणजे उद्या तुम्ही कितीही चांगल्या नराकडून पिल्लं काढलीत तरी त्यांच्या सहीशिवाय पिल्लांना पेपर मिळणार नाहीत. आणि ते तरी काय करणार? मादी तुमच्या घरी आहे, तुम्ही तयार झाल्याशिवाय त्यांच्याकडे लिटर येत नाही. दोघांचं एकमेकांवाचून अडतं. बोलणी करायला ही जागा चांगली आहे.

दुसरं, रीडर असलेल्या पशुवैद्याकडे जाऊन बिजलीची चिप वाचून घ्या. पंधरा अंकी नंबर येईल. तो स्टिकरशी आणि सर्टिफिकेटशी जुळतो का पाहा. सर्टिफिकेटचा निदान फोटो तरी मागून घ्या, त्यावर आई-बाप आणि मागच्या पिढ्या असतात.

ज्यांना पिल्लू घ्यायचंय त्यांच्यासाठी: विजापूरवरून पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. मालोजीराव घोरपड्यांनी ज्या भागात ही जात जोपासली तिथलंच. एकदा जाऊन खात्रीची मुधोळ कशी दिसते ते डोळ्यांनी बघून या. छातीची खोली, मागची मांडी, कमरेचा बाक हे एकदा नजरेत बसलं की बाजारात कोणी फसवू शकत नाही.

माळरान

सगळ्यांचे खूप आभार. सकाळी चिप वाचून घेतली, स्टिकरशी जुळते.

मुधोळवारी, तुमचं वाचून जुने मेसेज शोधले. पिल्लू घेताना त्यांनी बिजलीच्या बापाच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता. मी लेखी निरोप दिल्यावर आज त्यांनी मेटिंगसाठीच्या नराचा फोटो आणि पेपर पाठवले. नोंदणी क्रमांक तोच आहे. म्हणजे बापच. मी विचारलं तर म्हणाले, “लाइन पक्की करायला असंच करतात.” हे खरं आहे का?

जित्राब_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, मोहोळ भागात काम करतो. शांतपणे लिहितो, पण हे वाचून वाईट वाटलं.

बाप आणि मुलीच्या मेटिंगला ‘लाइन पक्की करणं’ म्हणणारे आहेत. आकडा सांगतो: अशा पिल्लांचा इनब्रीडिंग गुणांक किमान २५ टक्के येतो. म्हणजे दर चार जनुकांमागे सरासरी एका ठिकाणी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. लपलेला दोष असेल तर तो उघड व्हायची शक्यता वाढते, पिल्लं कमी होतात, अशक्त निघतात. आधीच थोड्या उरलेल्या जातीत असं करणं म्हणजे उरलंसुरलं वैविध्यही घालवणं. पश्मीप्रेमी म्हणतात तशी रक्ताची काळजी खरंच असती, तर हा नर निवडला नसता.

माझा सल्ला, ही हीट सोडून द्या. हीट साधारण सहा-आठ महिन्यांनी पुन्हा येते. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन आठवडे तिला साखळीशिवाय बाहेर काढू नका, गच्चीवरही एकटी ठेवू नका. एकाच हीटमध्ये दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, मग पेपरचा प्रश्न डीएनए चाचणीशिवाय सुटत नाही. भटक्या नराशी संबंध आला तर व्हेनेरियल ट्यूमरचा धोका आहे. आमच्याकडे तो नेहमी दिसतो. मादीच्या योनीमार्गात फुलकोबीसारखी गाठ येते, त्यातून थेंब थेंब रक्त पडत राहतं आणि घरच्यांना वाटतं हीटच लांबलीय. उपचाराने बरा होतो, पण दर आठवड्याला इंजेक्शन घ्यावं लागतं.

पुढच्या हीटला मेटिंग करायचंच ठरलं तर दोघांची ब्रुसेला तपासणी करून घ्या. तो आजार माणसांनाही होतो आणि तुमच्या घरात लहान मूल आहे. दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करता येते. गाभणकाळ सरासरी ६३ दिवस.

आणि २०१७ चे केंद्राचे श्वान प्रजनन व विक्री नियम दोघांनीही वाचा. मादी दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांच्या पुढे लावायची नाही. लागोपाठच्या दोन हीटला नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. सहा महिन्यांच्या पुढचा कुत्रा नसबंदीशिवाय फक्त परवानाधारक ब्रीडरलाच विकता येतो. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, ५,००० रुपये शुल्क, दोन वर्षांची मुदत. ताई, पिल्लं विकणार असाल तर हे तुम्हालाही लागू होईल.

पश्मीप्रेमी

डॉक्टर, मान्य. बापावर मुलगी लावण्याचं समर्थन मी करणार नाही. ब्रीडरने हात राखायचा तो जातीसाठी. इथे तसं दिसत नाही. ताई, नर हवा असेल तर वेगळ्या लाइनचे दोन-तीन सुचवतो, पेपर, चिप आणि तपासणी रिपोर्ट आधी तुमच्या हातात देऊन.

पण होटगीकरांना एक सांगतो. ‘दारात आहे म्हणजे माझी’ हे म्हणणं पसरलं तर उद्या कोणी ब्रीडर चांगली मादी घरगुती माणसाला देणारच नाही. मग चांगल्या माद्या पिंजऱ्यातच राहतील आणि लोकांना उरलेली पिल्लं मिळतील.

होटगीकर

तुमचं म्हणणं समजलं. पण मग अट काय आहे ते घेणाऱ्याला घेतानाच स्वच्छ समजायला पाहिजे की. एका ओळीत ‘राइट्स माझे’ लिहून अडीच वर्षांनी गाडी पाठवायची, ह्याला मी व्यवहार म्हणणार नाही.

वकील_बार्शी

इथे दोघंही एकाच गोष्टीवर आलात. इंग्लंडच्या केनेल क्लबमध्ये ब्रीडर नोंदीवर ‘हिच्या पिल्लांची नोंद करू नये’ असा शेरा मारू शकतो, पण तो टिकवायचा तर विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी घेणाऱ्याची लेखी सही घ्यावी लागते, की मला हा शेरा समजला. अमेरिकेत मर्यादित नोंदणी म्हणून तसाच प्रकार आहे. मादीचा ताबा कोणी मागत नाही, फक्त पिल्लांच्या पेपरवर नियंत्रण राहतं. माझ्या मते ब्रीडरचं हित त्याने पुरेसं जपलं जातं.

आपल्याकडे ते करारातच लिहावं लागेल. माळरानताई, नवा करार करा, आता ५०० चा स्टॅम्प लागतो. त्यात चिप नंबर लिहा, निव्वळ रंग नको. फिक्कट तांबूस माद्या शंभर असतील. मालकी पूर्णपणे तुमची, आणि ट्रान्सफर अर्जावर त्यांची सही त्याच दिवशी, ‘नंतर देतो’ नाही. त्या बदल्यात त्यांना काय, तर एकाच वेताचा हक्क, विशिष्ट तारखेपर्यंत. तोवर मादी लावली नाही तर हक्क संपला. नर दोघांच्या लेखी संमतीने, मागच्या तीन पिढ्यांत सामाईक पूर्वज नको. मेटिंगला मादी नेताना तुम्ही किंवा तुमचा माणूस सोबत. बाळंतपण तुमच्या घरी, खर्च कोणाचा ते आकड्यात, सिझेरियन करावं लागलं तर तो कोणाचा हेही. त्यांना किती पिल्लं, कोणत्या दिवशी निवडायची, कमी जगली तर काय. डॉक्टरांनी मेटिंग किंवा बाळंतपण धोक्याचं सांगितलं तर हक्क आपोआप रद्द, पैशाने भरपाई किती ते तिथेच. आणि जुना करार या कराराने संपला, हे वाक्य विसरू नका.

ते अजिबातच ऐकेनात, तर ‘पेपरवाली’ म्हणून विकून पेपर न देणं यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तोंडी ‘पहिल्या वेतानंतर’ ठरल्याचं ते सांगतील, म्हणून आधी समझोता.

माणगंगा

वकीलसाहेब, बरोबर. आणि ताई, बसायचं तर एकटीनं नगा बसू. त्या साक्षीदारालाबी बोलवा. सही त्येनं केलीय, तवा काय बोलणं झालं हुतं ते त्येला ठावं.

माळरान

अपडेट देते. काका, तुमचं ऐकून साक्षीदाराला बोलावलं. रविवारी सात रस्ता भागात एका ओळखीच्यांच्या ऑफिसात बसलो. साक्षीदारानेच सांगितलं की तेव्हा बोलणं ‘एक पिल्लू’ असं झालं होतं, निम्म्याचं नाही. त्यावर ते गप्प बसले.

डॉक्टरांचा बाप-मुलीचा मुद्दा मी वाचून दाखवला. आधी रागावले, मग म्हणाले, त्यांच्याकडे दुसरा नोंदवलेला नर नाही आणि बाहेरच्या नराला द्यायला स्टड फी नाही. इतकी साधी अडचण होती आणि ती अडीच वर्षांत कोणी बोललं नाही.

ठरलं ते असं: ही हीट सोडायची. पुढच्या हीटला पश्मीप्रेमींनी सुचवलेल्यांपैकी नर, दोघांना पटेल तो, स्टड फी मी देणार. चार किंवा जास्त पिल्लं जगली तर त्यांना एक मादी पिल्लू, सातव्या आठवड्यात त्यांनी निवडायचं आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर न्यायचं. चारपेक्षा कमी झाली तर आठ हजार रुपये, म्हणजे किमतीतली सूट परत, आणि हिशोब पूर्ण. एकच वेत. त्यानंतर बिजलीची नसबंदी करायची की नाही, तो निर्णय माझा. ट्रान्सफरच्या अर्जावर त्यांनी माझ्यासमोर सही केली. पेपर नावावर आले की सांगेन.

कुंभारवेस

हा धागा वाचून विचारतोय. माझ्याकडे उलटं आहे. माझा नर मित्राच्या मादीला लावला, तोंडी एक पिल्लू ठरलं. पिल्लं पाच आठवड्यांची झाली आणि तो आता म्हणतो तीन हजार घे, पिल्लू नाही. लिटरच्या अर्जावर माझी संमती अजून दिलेली नाही. काय करू?

मुधोळवारी

संमती रोखून धरायची घाई करू नका, त्यात पिल्लांचे पेपर अडकतील आणि ज्यांनी ती घ्यायचं ठरवलंय त्यांचं नुकसान होईल. मेटिंगच्या वेळचे मेसेज आहेत का तुमच्यात? ‘एक पिल्लू तुझं’ असं कुठे लिहिलेलं असेल तर आधी तेवढं काढून ठेवा आणि वकीलसाहेबांना दाखवा.